औषध लागेपर्यंतचे आठवडे

गेली काही वर्षं मी डिप्रेशनवर उपचार घेते आहे. आज बरी आहे. नोकरीवर जाते, स्वयंपाक करते, रात्री झोप लागते. पण एका औषधाने हे झालं नाही. एक बदललं, दुसरं बदललं, मग दोन एकत्र दिली, त्यात तिसऱ्याची भर पडली, तेव्हा कुठे घडी बसली. आजार जड होताच, पण मला त्याहून जड गेले ते नवीन गोळी सुरू झाल्यापासून ती लागू पडते की नाही हे कळेपर्यंतचे आठवडे. त्या आठवड्यांत माणसाने करायचं काय, घरच्यांनी वागायचं कसं, यावर फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आम्ही बडोद्याचे. माहेर दांडिया बाजारात, सासर मांजलपूरला. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. फीच्या पावत्या, दाखले, हजेरीपटांची बेरीज असं सगळं. दुखण्याची सुरुवात पहाटे लवकर जाग येण्यापासून झाली. साडेतीनला डोळा उघडायचा आणि उजाडेपर्यंत छातीवर दडपण. सकाळ सगळ्यात वाईट, संध्याकाळी थोडं हलकं. मग भूक गेली. मग ऑफिसात दाखले लिहिताना हात अडायला लागला. मुलाची जन्मतारीख रजिस्टरशी तीनतीनदा ताडून पाहायची, तरी कागद सहीला पुढे सरकवायची हिंमत होईना. आपल्या हातून कुणाच्या तरी मुलाचं नुकसान होणार, असंच वाटत राहायचं. वीस वर्षं जे काम डोळे मिटून केलं होतं, त्याचीच धास्ती बसली.

"कारण काय पण?" हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. घरात भांडण नाही, पैशाची ओढाताण नाही, मुलगी गुणी. कारण सापडेना म्हणून सगळ्यांनी ते शोधायचा चंग बांधला आणि त्यात काही महिने गेले. घरच्या डॉक्टरांनी मात्र एक काम चोख केलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, डी जीवनसत्त्व, सगळ्या तपासण्या आधी करून घेतल्या. थायरॉइड बिघडलं किंवा बी-१२ कमी झालं तरी अशीच मरगळ येते. माझं बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं झाली, पायांतले गोळे थांबले. पहाटेची जाग मात्र थांबली नाही. तेव्हा त्यांनी मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

ते पहिले डॉक्टर. नाव लिहीत नाही. गर्दी प्रचंड, आत गेल्यावर बोलायला जेमतेम पाच मिनिटं. एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि झोपेसाठी थोडे दिवस क्लोनाझेपाम. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि विचित्र अस्वस्थता, एका जागी बसवेना. दहाएक दिवसांनी जाऊन सांगितलं की काहीच फरक नाही. औषध बदललं. पुढच्या खेपेला तेच सांगितलं, पुन्हा बदललं. दर वेळी चिठ्ठीवर नवं नाव. हे असंच असतं की नाही, ते मला कळायचा मार्ग नव्हता. मला एवढंच कळत होतं की सगळी औषधं माझ्यावर वाया जातायत. डिप्रेशनमध्ये मन आधीच सांगत असतं की तुझ्यात काही राम नाही. त्यात औषधंही लागेनाशी झाली की त्यावर शिक्कामोर्तबच होतं. मला याचा आजही राग येतो. पहिल्या चिठ्ठीबरोबर दोन वाक्यं बोलली असती तर एवढंच पुरलं असतं: त्रास आधी होईल, गुण नंतर येईल; महिनाभर तरी थांबा.

पुण्याहून ताईने फोनवर हट्टच धरला, की दुसऱ्या डॉक्टरांना दाखव. या नवीन डॉक्टरबाईंनी फोनवरच सांगून ठेवलं होतं की जुन्या चिठ्ठ्या आणि उरलेल्या गोळ्या सगळ्या घेऊन या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून मी ते सगळं त्यांच्या टेबलावर ओतलं. त्यांनी कोरा कागद घेतला, उभ्या रेघा मारल्या. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, किती आठवडे, काय फरक. चिठ्ठ्यांवरच्या तारखा बघत बघत रकाने भरले आणि कागद माझ्याकडे फिरवला. "बेन, आमांथी एकेय दवा फेल नथी गई. एकेयने टाइम ज नथी मळ्यो." म्हणजे यातलं एकही औषध फेल गेलेलं नाही, एकालाही वेळच मिळालेला नाही. आठवड्यांच्या रकान्यात एकही आकडा असा नव्हता की ज्यावर त्या औषधाबद्दल काही ठरवावं.

मग त्यांनी नीट समजावलं. डिप्रेशनच्या औषधाला पुरेशा डोसमध्ये सहा ते आठ आठवडे मिळाले, तरच त्याचा निकाल लावता येतो. अशी दोन औषधं पुरेशा डोसने, पुरेसा वेळ घेऊनही उपयोग झाला नाही, तर त्या आजाराला उपचारांना दाद न देणारा म्हणतात आणि मग वेगळ्या वाटा बघतात. माझ्या बाबतीत तोवर एकही औषध मोजण्यासारखं झालं नव्हतं. त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होतो आणि तो बहुतेक वेळा दोनेक आठवड्यांत ओसरतो. म्हणजे ज्या काळात गोळी फक्त छळते, नेमक्या त्याच काळात ती सोडावीशी वाटते.

त्या दिवसापासून वही सुरू झाली. मुलीची अर्धी कोरी राहिलेली फुलस्केप वही. डाव्या पानावर मी लिहायचं: किती वाजता झोपले, कधी जाग आली, गोळी कधी घेतली, पोट कसं आहे, मनाला दहापैकी किती आकडा, आणि कसलीही एक ओळ. उजव्या पानावर नवऱ्याने लिहायचं, त्याला बाहेरून जे दिसलं ते. त्याचं पान मी वाचायचं नाही, डॉक्टरांसमोरच उघडायचं. ही कल्पना त्यांचीच. त्याचा उपयोग पुढे फार झाला, ते सांगतेच.

पहिलं पुरेसं औषध म्हणजे सर्ट्रालिन. ५० पासून सुरुवात, मग १००, मग १५०. पोट बिघडायचं, त्यामुळे रिक्षाने ऑफिसला जायची धास्ती. ते आठवडे काढायचे कसे, याचे काही नियम आम्ही घरात ठरवले. त्यातले दोन मला फार मोलाचे वाटतात.

एक म्हणजे या काळात कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. माझा राजीनामा लिहून पर्समध्ये तयार होता. डॉक्टरबाईंनी सांगितलं, राजीनामा कुठे जात नाही, पण आज तो तुम्ही लिहीत नाही, तुमचा आजार लिहितो आहे. त्याऐवजी वैद्यकीय रजेचा दाखला दिला. शाळेतल्या मोठ्या बाईंनी तो हातात घेतला, वाचला, आणि एवढंच विचारलं, "परत येशील तेव्हा सकाळची वेळ नको ना तुला? दुपारची देऊ?" सकाळ वाईट जाते हे त्यांना कसं कळलं, मी विचारलं नाही. त्यांच्याही घरात कुणाचं तरी असणार.

दुसरा नियम सासूबाईंसाठी होता, आणि त्यांनी तो मोठ्या मनाने पाळला. त्या रोज सकाळी चहा देताना विचारायच्या, "आज बरं वाटतंय का गं?" मायेनेच विचारायच्या. पण रोज "नाही" म्हणताना मला त्यांच्यावर अन्याय करतेय असं वाटायचं, आणि "हो" म्हटलं तर ते खोटं. मग ठरलं की हा प्रश्न फक्त रविवारी विचारायचा. बाकी दिवस भाजी काय करू, कपडे वाळले का, असंच बोलायचं. यामुळे घरातली हवा किती हलकी झाली सांगू! एका अमावास्येला त्यांनी मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून माझी दृष्टही काढली. मी शांतपणे पाटावर बसले. आणि त्याच रात्री जेवण झाल्यावर त्यांनीच विचारलं, "गोळी घेतलीस ना?" मला त्या दोन्हींत विरोध दिसला नाही, आजही दिसत नाही.

सर्ट्रालिनने थोडा फरक पडला. डॉक्टरबाई दर वेळी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेत. तिला पीएचक्यू-९ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत काय काय आणि किती वेळा वाटलं, ते विचारतात. शून्य ते सत्तावीस गुण, जास्त गुण म्हणजे आजार जास्त. माझे एकवीस होते, ते सोळावर आले आणि तिथेच बसले. डोस पुरेसा, वेळ पुरेसा, तरी पुढे सरकेना. "आता हे औषध बदलू या," असं त्यांनी सांगितलं त्या दिवशी मी रिक्षात घरापर्यंत रडत आले. पण त्या रडण्यात आधीसारखी अपराधी भावना नव्हती. या खेपेला परीक्षा औषधाची झाली होती, आणि ती नीट झाली होती.

त्यांनी मला अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं होतं. 'स्टार-डी' नावाचा, २००१ ते २००६ मध्ये झालेला, चार हजारांवर रुग्ण. त्यात पहिल्या औषधाने लक्षणं पूर्ण गेली, अशी माणसं फार तर एक तृतीयांश होती. म्हणजे पहिलं औषध पुरेसं न ठरणं हेच जास्त जणांच्या वाट्याला येतं. याचे पुढचे आकडे नंतर वादात सापडले, पण मला तेवढंच हवं होतं. नवऱ्याने रात्री बसून आणखी वाचलं. पहिली डिप्रेशनविरोधी औषधं योगायोगानेच सापडली म्हणे. १९५० च्या दशकात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड दिलं तर खोकला असलेली माणसंसुद्धा उत्साहात दिसायला लागली. स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी इमिप्रामिन दुसऱ्याच आजारासाठी तपासायला घेतलं होतं, त्यात उदासी कमी झालेली त्यांना दिसली. कुणाला कुठलं औषध लागेल हे आधीच सांगणारी खात्रीची तपासणी आजही नाही. घेऊन बघावं लागतं. हे ऐकून काहींना भीती वाटेल, मला उलट धीर आला.

पुढचं औषध व्हेन्लाफॅक्सिन. ३७.५ पासून चढत चढत वर. यात रक्तदाब वाढू शकतो, म्हणून दर आठवड्याला मोजायचा. घाम खूप. रात्रीसाठी मिर्टाझापिन १५ जोडलं, आणि कितीतरी महिन्यांनी मी साडेपाचपर्यंत झोपले. भूकही परत आली, जरा जास्तच आली, वजन वाढलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, वजनाचं नंतर बघू, आधी झोप. माझंही मत तेच.

या औषधाचा एक धडा उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणात मिळाला. बडोद्यात चौदा आणि पंधरा जानेवारीला अख्खं गाव गच्चीवर असतं. नेहमीच्या दुकानात तेराला गेलो तर कॅप्सूल संपलेल्या, माल सणानंतर येणार म्हणाले. शेजारची दुकानं दुसऱ्या दिवशी बंद. दोन डोस हुकले. वासी उत्तरायणाच्या, म्हणजे पंधराच्या सकाळी मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं व्हायला लागलं. डोळे फिरवले की कानात झिणझिण. मळमळ, अंग थरथर, आणि कारण नसताना रडू. वर गच्चीवर "काप्यो छे!"च्या आरोळ्या, भोंगे, शेजारच्या बेनने आणून दिलेलं उंधियू तसंच झाकून ठेवलेलं. डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, हे औषध शरीरातून लवकर उतरतं, अचानक थांबलं की असं होतं. सयाजी रुग्णालयाच्या आसपास दुकान उघडं मिळेल, आजचा डोस घ्या. नवरा गळ्याला मफलर गुंडाळून, स्कूटरच्या हँडलला मांजापासून वाचायची तार लावलेली ती तपासून निघाला. कॅप्सूल घेतल्यावर संध्याकाळपर्यंत डोकं शांत झालं.

तेव्हापासून आमच्याकडे पंधरा दिवसांचा साठा नेहमी शिल्लक असतो. आणि एक सांगते, कारण हे बघून जाऊबाई म्हणाल्या होत्या की म्हणजे व्यसनच लागलं की. व्यसनात माणसाला त्या वस्तूची ओढ लागते, डोस वाढवत न्यावासा वाटतो. मला त्या कॅप्सूलची कसलीच ओढ नव्हती. शरीराला सवय झालेली असते, म्हणून ती हळूहळू पायरीपायरीने उतरवायची असते. बस्स.

२२५ पर्यंत डोस गेला, प्रश्नावलीचे गुण अकरावर आले, आणि मग फेब्रुवारीअखेरीस सगळं परत घसरलं. मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर. ती आतल्या खोलीत अभ्यास करायची आणि मी बाहेर भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी नसले तर या सगळ्यांचं सोपं होईल, हा विचार त्या दिवसांत यायला लागला. आधी लांबून, मग रोज. त्या नऊ प्रश्नांतला शेवटचा प्रश्न याबद्दलच असतो, आणि दर वेळी मी त्याच्यापुढे शून्य मांडत आले होते. त्या खेपेला तीन लिहिलं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि सरळ, स्पष्ट शब्दांत विचारलं. मीही सरळ सांगितलं. त्यांनी नवऱ्याला आत बोलावलं, माझ्यासमोरच त्याला सांगितलं. औषधं त्याच्या कपाटात गेली, रोजची रोज हातावर. काही दिवस मी एकटी राहायचं नाही, असं ठरलं. रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फ्रिजवर लावला. ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे, चोवीस तास, फुकट. मी एकदा लावलाही. पलीकडच्या मुलीने घाई केली नाही.

हा विचार बोलून दाखवल्याने तो बळावतो, असा बऱ्याच जणांचा समज आहे. माझ्या बाबतीत त्याचा जोर बोलल्यावरच उतरला.

त्याच भेटीत ईसीटीचा विषय निघाला. आपल्याकडे ज्याला विजेचा शॉक म्हणतात. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर जुन्या सिनेमातलं दृश्य होतं. डॉक्टरबाईंनी आम्हाला अर्धा तास दिला. भूल देऊन आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच हे करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भुलीशिवाय करायला बंदी आहे. आठवड्यातून दोन-तीनदा, साधारण सहा ते बारा वेळा. तीव्र डिप्रेशनमध्ये सगळ्यात परिणामकारक उपचारांपैकी एक, आणि औषधांपेक्षा लवकर गुण येतो. त्या काळातल्या काही आठवणी पुसट होऊ शकतात. बहुतेक त्रास नंतर कमी होतो, काहींना काही आठवणी परत मिळत नाहीत. हे त्यांनी लपवलं नाही, म्हणून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. मी खातपीत होते, घरात माझ्याजवळ माणसं होती, म्हणून आधी लिथियम जोडून बघायचं, आणि तीन-चार आठवड्यांत हललं नाही तर ईसीटी, असं ठरलं. ती तारीख वहीत लाल पेनाने लिहिली. वाट बघण्याला शेवट आहे हे आधी माहीत असलं, की बघता येते. तशी वेळ आली असती तर मी ईसीटी घेतली असती, त्यात मला शंका नव्हती.

लिथियम हे धातूचं क्षार. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर वापरलं, पुढे डिप्रेशनच्या औषधाला जोड म्हणूनही द्यायला लागले. याचं तंत्र सांभाळावं लागतं, कारण उपयोगी मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत फार अंतर नाही. सुरू करण्याआधी मूत्रपिंडाची आणि थायरॉइडची तपासणी. मग रक्तातली पातळी बघायची, तीही शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. रात्री साडेनऊला गोळी, सकाळी साडेनऊला लॅबमध्ये हजर, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. लॅबमधला मुलगा दर वेळी "उपाशी आलात का?" विचारायचा, आणि मी दर वेळी त्याला सांगायची की पोटाचं नाही, घड्याळाचं बघायचं, कागदावर शेवटच्या गोळीची वेळ लिही. माझी पातळी ०.६ आणि ०.८ च्या मध्ये ठेवायची होती.

त्यात बडोद्याचा उन्हाळा. पारा चाळिशीच्या वर गेला, घाम निथळला, पाणी कमी पडलं, की रक्तातलं लिथियम वाढतं. मीठ अचानक बंद केलं तरी वाढतं. म्हणून पाण्याची बाटली कायम सोबत, दुपारी मीठ घातलेलं ताक, आणि निर्जळी उपवास बंद. आषाढीला सासूबाईंनी स्वतःच फर्मान काढलं, "तू पाणी पीत राहायचं, विठोबा समजून घेईल." अंगदुखीच्या गोळ्यांबद्दल तर पक्कं लक्षात ठेवलं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनीही पातळी वाढते. दाताच्या डॉक्टरांनी तीच लिहून दिली तेव्हा मी लिथियमचं सांगितलं, त्यांनी पॅरासिटामॉलवर भागवलं. हात जोरात थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जायला लागला, जीभ जड झाली, तर गोळी थांबवून थेट दवाखान्यात, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे. बारीक थरथर मात्र मला राहिलीच. सुईत दोरा ओवायला मुलीला हाक मारते.

आता नवऱ्याच्या पानाबद्दल. लिथियम सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या भेटीत वही उघडली. माझं डावं पान: "काही फरक नाही. मन चार." उजव्या पानावर त्याच तारखेला त्याचं अक्षर: "पेपरवाल्याने बिलात दोन रविवार जास्त लावले म्हणून हिने त्याला जिन्यात थांबवून हिशेब मागितला." मला ते आठवलंही नव्हतं. डॉक्टरबाईंनी मोठ्याने वाचलं आणि हसल्या. मागची पानं चाळली तर दहा दिवसांपासून असंच काही ना काही होतं. मुलीच्या पेपरची वेळ हिने स्वतः बघितली. दुपारी पंखा पुसला. फोन दुसऱ्या रिंगला उचलला. गुण बाहेरून आधी दिसतो, आतल्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतो. लाल पेनाची तारीख आली तेव्हा प्रश्नावलीचे गुण नऊवर होते, आणि ईसीटीचा विषय बाजूला ठेवला.

याच काळात समुपदेशनाने जोर धरला. आधीही जात होते, पण बोललेलं घरी येईपर्यंत गळून जायचं. माझ्या बाबतीत औषधाने पाय टेकवायला जागा केली, मग ते उपयोगी पडलं. दुसऱ्या कुणाचं उलटही असेल. त्या मॅडमनी विचारांच्या मुळाशी जाण्याआधी कृतीपासून सुरुवात केली. आठवड्याचा तक्ता, तासातासाचा. केलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे दोन आकडे: मन किती लागलं आणि किती जमलं. मनात येईल तेव्हा करू, असं म्हणायचं नाही; ठरलेल्या वेळी करायचं, मन मागून येतं.

एका मंगळवारी तक्त्यात खंडेराव मार्केट होतं. फक्त जाऊन एक भाजी घेऊन यायची. बाहेरच्या बाजूला मेथीवालीपुढे उभी राहिले. जुड्या ओल्या, मुळांना माती. "बेन, केटली आपुं?" तिने विचारलं, आणि माझी जीभ टाळूला चिकटली. एक की दोन? निवडायला किती वेळ लागेल, सुकली तर, कुणी खाल्लीच नाही तर. मागून धक्के लागत होते. ती बाई थांबली. तिने दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिरच्या दिल्या, सुटे पैसे दिले, आणि परत माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी म्हटलं, "एक." घरी येऊन निवडत बसले, पानं वेगळी, कोवळी देठं वेगळी. सासूबाई समोर येऊन बसल्या आणि न बोलता अर्धी जुडी त्यांच्याकडे ओढली. तक्त्यात लिहिलं: मन लागलं, तीन, जमलं, आठ.

पुढे मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीची भर पडली. सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेली, आजोबांपासून आमच्या घराचं जाणं-येणं तिथे. वाचन हे माझं फार जवळचं, आणि आजारात तेच आधी गेलं होतं. एक परिच्छेद चारदा वाचून डोक्यात शिरत नसे. सुरुवातीला फक्त कपाटांपुढून फिरून यायची. मग एक पातळसं पुस्तक घरी आणलं. ते पूर्ण झालं त्या दिवशी ताईला फोन केला.

खर्चाचंही सांगायला हवं. आमची औषधं आणि तपासण्या नोकरीवर निभावल्या, पण ओढाताण झाली. ज्यांना खाजगी झेपत नाही त्यांच्यासाठी कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, सयाजी रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. तिथे जायची लाज वाटते म्हणून औषध अर्ध्यात सोडलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांच्याबद्दल फार वाईट वाटतं. २०१७ च्या त्या मानसिक आरोग्य कायद्यात हेही आहे की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं. पॉलिसी घेताना ते कलम वाचून घ्यावं.

गेलं वर्षभर प्रश्नावलीचे गुण पाचच्या आत आहेत. डॉक्टरबाईंच्या मते आजार एकदा उलटलेला असल्याने औषधं निदान दोन वर्षं तरी चालू ठेवायची, मग एकेक करून, सावकाश. दिवाळीनंतर मिर्टाझापिन पंधरावरून साडेसातवर आणलं. तीन-चार रात्री झोप कच्ची झाली, मग बसली. वही पुन्हा रोज लिहायला घेतली आहे, दोन्ही पानं. व्हेन्लाफॅक्सिन आणि लिथियमला एवढ्यात हात लावायचा नाही. लिथियमची पातळी, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि थायरॉइड होळीच्या आठवड्यात तपासायचं आहे. उन्हाळा लागण्याआधी आकडे हातात असलेले बरे.